वाघिणीचे दप्तर

आगगाडीच्या लघुप्रतिकृती करण्याचा छंद ज्या इंग्लंडात विशेष वाढीस लागला, तेथील रेल्वे कंपन्यांचा संसार फार मोठ्या अंशी कोळशावर चालत असे. आणि तो कोळसा वाहणारी चार चाकांची उघडी वाघीण ही त्या संसारातील सर्वांत विपुल, सर्वांत कष्टाळू आणि तितकीच उपेक्षित वस्तू होती. 1948 साली ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, त्या वेळी सरकारच्या ताब्यात सुमारे 20 हजार इंजिने आली आणि वाघिणी आल्या त्या 12 लाखांच्या घरात. म्हणजे एका इंजिनामागे सरासरीने 60 वाघिणी पडल्या. असे असता हौशी मंडळींच्या मेजावर दृष्टी टाकावी, तर इंजिनाच्या अंगावरील प्रत्येक नळी आणि प्रत्येक दांडा जागच्या जागी, आणि त्याच्या मागे दुकानातून आणलेल्या, एकाच रंगाच्या, एकाच क्रमांकाच्या आठ-दहा वाघिणी निमूटपणे ओढल्या जात आहेत, असा देखावा पुष्कळदा दिसतो. प्रतिकृतीच्या सत्यतेची खरी परीक्षा इंजिनापाशी होत नाही, वाघिणीपाशी होते, असे माझे मत आहे. कारण इंजिनाच्या अंगावर कंपनीचा डौल असतो, पण वाघिणीच्या अंगावर तिचा सारा जमाखर्च लिहिलेला असतो.

या विषयात शिरण्यापूर्वी प्रमाणाचा हिशेब एकदा पाहिला पाहिजे, कारण इंग्लंडातील या छंदाचा पायाच एका तडजोडीवर उभा आहे. युरोपात आणि अमेरिकेत रूढ असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात खरी वस्तू 87 पटींनी लहान केली जाते आणि तिच्यासाठी 16.5 मिलिमीटर अंतराचे रूळ वापरले जातात. 4 फूट 8½ इंच रुंदीच्या खऱ्या मार्गाशी हे अंतर बरोबर जुळते. परंतु इंग्लंडातील इंजिने युरोपातील इंजिनांपेक्षा अंगाने लहान असल्यामुळे, त्या प्रमाणात केलेल्या त्यांच्या पोटात तत्कालीन विजेच्या मोटारी मावेनात. तेव्हा इंजिने व डबे एका फुटास 4 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 76 पटींनी लहान करायचे, मात्र रूळ पूर्वीचेच ठेवायचे, असा तोडगा निघाला आणि ‘डबल ओ’ या नावाने तो कायम झाला. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कंपनीने 1938 साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, आपली ‘हॉर्नबी डब्लो’ गाडी बाजारात आणली ती याच मापाची. या हिशेबाने रुळांतील अंतर 4 फूट 1½ इंच भरते. सात इंचांची तूट राहते. ती ज्यांना सोसवेना, त्यांनी प्रथम 18 मिलिमीटरचे आणि पुढे 1960 नंतरच्या दशकात 18.83 मिलिमीटरचे, अगदी काटेकोर, रूळ स्वतःच्या हाताने घातले. बाकीच्या बहुसंख्य मंडळींनी तूट मान्य केली आणि तिची भरपाई अन्य तपशिलांत करण्याचे ठरविले. त्यांना हसण्याचे कारण नाही. बाजूने पाहिले असता रुळांची रुंदी मुळीच दिसत नाही, वाघीण मात्र पुरती दिसते.

ही वाघीण कशी होती? कंपन्या-कंपन्यांमधील हिशेबांची रुजुवात करणाऱ्या ‘रेल्वे क्लिअरिंग हाउस’ या संस्थेने खाजगी मालकांच्या वाघिणींसाठी 1923 साली जो नमुना ठरवून दिला, त्यातील 12 टन माल वाहणाऱ्या लाकडी वाघिणीच्या सांगाड्याची लांबी साडेसोळा फूट आणि दोन आसांमधील अंतर नऊ फूट होते. 4 मिलिमीटरच्या प्रमाणात ही मापे 66 आणि 36 मिलिमीटर होतात. कोळशाची घाण आणि वजन सोसणाऱ्या त्या फळ्यांची जाडी अडीच इंच, म्हणजे प्रतिकृतीत एका मिलिमीटरहूनही कमी. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या भिंती याहून बऱ्याच जाड असतात, आणि रिकामी वाघीण वरून पाहिली की ही जाडी एकदम डोळ्यांत भरते. म्हणून जाणता कारागीर भिंतीची वरची कड आतल्या बाजूने कानशीने घासून पातळ करतो, अथवा वाघीण कोळशाने भरून तो प्रश्नच मिटवून टाकतो. दुसरा उपाय सोपा आहे खरा, पण खाणीकडे परत निघालेली गाडी कोळशाने भरलेली दाखविली, तर एक लबाडी झाकण्यासाठी दुसरी केली असे होते.

तळाशी आणखी नाजूक प्रकार आहेत. ब्रेकचा लांब दांडा दोन्ही अंगांना असे, कारण यार्डात काम करणाऱ्या शंटरला दांडा गाठण्यासाठी गाडी ओलांडून पलीकडे जावे लागू नये, असा शिरस्ता अपघात टाळण्याच्या हेतूने घालून दिलेला होता. या वाघिणींना इंजिनातून चालणारा सलग ब्रेक नव्हता. तीव्र उतार आला की गाडी माथ्यावर थांबवून काही वाघिणींचे दांडे काठीच्या जोराने दाबून पिनेने अडकवावे लागत आणि खाली पोहोचल्यावर पुन्हा सोडवावे लागत; शेवटच्या जड ब्रेकव्हॅनमध्ये बसलेल्या गार्डावर उरलेल्या भाराची मदार असे. दोन वाघिणींच्या मध्ये तीन कड्यांची सैल साखळी असल्यामुळे गाडी सुटताना एकेक कडी ताणली जाऊन खणखणाट मागे मागे जाई. दुकानी वाघिणींना असलेला मोठा प्लॅस्टिकचा आकडा काढून तेथे तारेच्या तीन बारीक कड्या बसविल्या, म्हणजे या साऱ्या कारभाराची निदान आठवण तरी राहते. मात्र मग हातात आकडी घेऊन, डोळ्यांवर भिंग चढवून, प्रत्येक वाघीण जोडत बसावे लागते, आणि घरात लहान मुले असतील तर हा मार्ग न धरलेलाच बरा.

आता दप्तराकडे वळू. वाघिणीच्या बाजूवर तिरपा पांढरा पट्टा ओढलेला दिसला, तर शोभेसाठी काढलेली ती नक्षी नव्हे. माल ओतून काढण्यासाठी जिच्या एका टोकाची भिंत दारासारखी उघडते अशी ही वाघीण आहे, आणि पट्ट्याचे वरचे टोक ज्या बाजूला, त्या बाजूला दार आहे, असा तो कामगारांना केलेला इशारा असे. खाली कोपऱ्यात रिकाम्या वाघिणीचे वजन टन आणि हंड्रेडवेटांत लिहिलेले असे, कारण काट्यावर चढवून कोळशाचे निव्वळ वजन काढताना त्याचीच वजाबाकी व्हायची. रिकामी झाल्यावर कोणत्या खाणीकडे धाडावी, तो हुकूमही बारीक अक्षरांत तेथेच. यांखेरीज यार्डातल्या माणसांनी खडूने ओढलेल्या खुणा, आणि मुक्कामाचे ठिकाण दाखविणारी कागदी चिठ्ठी अडकविण्याचा खालच्या तुळईवरचा लहानसा चाप.

या लेखनाचा काळाशी घट्ट संबंध आहे, आणि पुष्कळांची फसगत होते ती येथेच. 1935 सालचा देखावा मांडला असेल, तर लाल, काळ्या, हिरव्या रंगांवर मालकांची मोठमोठी नावे झळकावयास हवीत. 1939 साली महायुद्ध सुरू होताच या वाघिणी सरकारने एका सामायिक ताफ्यात घेतल्या. मालकाच्या नावाचा रंग उजळण्याचे प्रयोजन संपले, मोडलेल्या फळीच्या जागी कोरी फळी ठोकण्यात येऊ लागली, आणि नावातली दोन-तीन अक्षरे त्या फळीबरोबर नाहीशी झाली. राष्ट्रीयीकरणानंतर खाजगी वाघिणींना क्रमांकापूर्वी ‘पी’ हे अक्षर मिळाले, आणि तो क्रमांक कित्येकदा उघड्या करड्या लाकडावर नुसता काळा चौकोन रंगवून त्यात लिहिलेला असे. तेव्हा 1952 सालच्या स्थानकात नव्या कोऱ्या नावांच्या रंगीत वाघिणींची रांग उभी करणे, म्हणजे एखाद्या सनदेवर पुढच्या राजाचा शिक्का मारण्यासारखे आहे.

लाकडी वाघिणींची जागा पुढे 16 टनी पोलादी वाघिणींनी घेतली. त्या दोन लाखांहून अधिक बांधल्या गेल्या. त्यांचा गंज हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कोळशाचे ढेकूळ आत आपटून रंग उडतो, म्हणून आतली बाजू प्रथम आणि सर्वत्र गंजते. बाहेर मात्र गंज जोडाच्या रेषांपाशी व दाराच्या बिजागऱ्यांपाशी उगवतो आणि तेथून राखी रंगाचे पापुद्रे सोलत पसरतो. चाकांजवळचा भाग ब्रेकच्या लोखंडी भुकटीने तपकिरी होतो. हे साधण्यासाठी कोणी अगोदर गंजाचा रंग देऊन त्यावर मिठाचे कण चिकटवितात, वर राखी रंग फवारतात आणि मग मीठ खरवडून काढतात. कोणी जवळजवळ कोरडा कुंचला फिरवितात, कोणी रंगाची पूड चोळतात. साधन कोणतेही असो, समोर एखाद्या विशिष्ट वाघिणीचे छायाचित्र ठेवावे. ते न ठेवता केवळ कल्पनेने गंजविलेल्या वाघिणी साऱ्या सारख्याच गंजतात, आणि हा नवा एकसुरीपणा पहिल्या कोऱ्या एकसुरीपणाहून अधिक खटकतो. इंग्लंडात या दृष्टीची वाट दाखविणाऱ्यांत जॉन अहर्न हे प्रमुख. त्यांची ‘मॅडर व्हॅली’ ही प्रतिकृती ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयात जतन केलेली आहे. स्थळ कल्पित, पण भिंतींचा आणि गाड्यांचा जुनेपणा खऱ्यासारखा.

आपल्याकडील हौशी माणसापुढे अडचण वेगळी आहे. पुण्यात कर्वे रस्त्याच्या परिसरात 1998 पासून असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून कित्येकांच्या मनात या छंदाचे बीज पडले असेल, पण भारतीय वाघीण करू गेल्यास प्रथम रुळांशीच गाठ पडते. आपला रुंद मार्ग 1676 मिलिमीटरचा; एचओ प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा आणि बाजारात मिळतात ते साडेसोळाचे. मात्र दप्तराची आवड असणाऱ्यास येथे तोटा नाही. आजच्या ‘बॉक्सएन’ वाघिणीवरचा अकरा अंकी क्रमांक पाहावा: पहिले दोन अंक जातीचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, नंतरचे दोन बांधणीच्या सालाचे, मग चार तिच्या स्वतःच्या क्रमांकाचे, आणि शेवटचा नुसता पडताळ्याचा. शेजारी डागडुजीच्या कारखान्याचे नाव आणि परत येण्याची तारीख. मालगाडी फाटकापाशी रखडली असता हे सारे फुकट वाचायला मिळते.

रुळांच्या बाबतीतही काटेकोर राहावयाचे असेल, त्याने बार्शी लाइट रेल्वेकडे वळावे, अशी माझी शिफारस आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी 1897 साली सुरू केलेला हा मार्ग 762 मिलिमीटरचा होता. एचओ प्रमाणात तो पावणेनऊ मिलिमीटर होतो, आणि 9 मिलिमीटरचे तयार रूळ सर्वत्र मिळतात. इंग्लंडातील गृहस्थास जेथे सव्वादोन मिलिमीटरहून अधिक तफावत पत्करावी लागते, तेथे बार्शीकराची तफावत पाव मिलिमीटरची. मात्र वाघिणी तयार मिळणार नाहीत. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, या कॅलथ्रॉप यांच्या दंडकामुळे येथील मालडबे चार चाकांऐवजी बोगींवर बसविलेले होते, आणि त्यांचे सांगाडे साच्यात दाबलेल्या पोलादी पत्र्याचे होते. तेव्हा दुकानातील चार चाकी वाघीण आणून तिच्यावर नाव रंगविण्याची सोय येथे नाही. जुनी छायाचित्रे आणि आराखडे मिळवून, मापे काढून, प्रत्येक डबा पितळेच्या अथवा प्लॅस्टिकच्या पत्र्यातून स्वतःच कापावा लागेल.