बियाण्याचे पैसे अन् ट्रकचा क्लास

२०२५ च्या मृगाच्या तोंडावर दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. देवळापुढे सतरंजी अंथरली, ताडपत्रीवर बियाणं ओतलं, रायझोबियमची पाकिटं मांडली. पण आलेली माणसं सगळी पन्नाशीच्या पुढची. तरुण पोरं कुठं गेली म्हणून विचारलं, तर एक म्हातारबुवा म्हणाले, "सायब, चार पोट्टे सकाळच्या गाडीनं अमरावतीले गेले. टरक शिकून राह्यले."

खरं सांगायचं तर मनातून रागच आला. पेरणी तोंडावर आली असताना ट्रक कसला शिकता! पण चहाच्या वेळी एका काकांनी बाजूला नेऊन जे विचारलं, त्यानं राग तिथंच विरला. काकांची जमीन पाच एकर, सगळी खारपाणपट्ट्यातली. आपल्या भागात हा पट्टा कसा आहे हे वाचकांना सांगायला नको. विहिरीचं पाणी खारं, ते पिकाला देता येत नाही. पावसावर खरीप साधला तर साधला, अन् रब्बीत ओलीवर हरभरा. त्यामुळं वर्षातले चार-पाच महिने घरातल्या तरण्या पोराला काम नसतं. काकांनी मागच्या हंगामाचं सोयाबीन विकलं ते हमीभावाच्या खालीच. २०२४-२५ चा हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये. बाजारात तो कोणाला भेटला ते ज्यानं त्यानं आठवावं. आता हातात जे उरलं होतं ते बियाण्याचं. अन् पोरगं म्हणत होतं, मलाही क्लासमध्ये टाका.

"फी दोन क्विंटल सोयाबीनच्या घरात जाते, सायब. बियाण्याले ठेवू का पोट्ट्याले देऊ? तुमी सांगा."

असं कोणी विचारलं की आमच्यासारख्या कृषी खात्याच्या माणसाची पंचाईत होते. आमच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. निम्मं उत्तर मात्र होतं. काकांनी घरी दोन पोती सोयाबीन राखून ठेवलेलं होतं. सोयाबीन हे सरळ वाणाचं, स्वपरागित पीक आहे. कपाशीच्या संकरित बियाण्यासारखं दरवर्षी पाकीट घ्यावं लागत नाही. अट एकच, उगवण तपासायची. मी म्हटलं, काका, ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा, पोतं गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा अन् आठव्या दिवशी मोजा. सत्तर निघाले तर एकरी तीस किलोनं बिनधास्त पेरा. कमी निघाले तर बियाणं वाढवा. फारच कमी निघाले तर मात्र बाजाराशिवाय इलाज नाही. आठव्या दिवशी फोन आला, "बाहत्तर निघाले." त्याच दिवशी पोराच्या क्लासचे पैसे भरले गेले.

आता सल्ला आपण दिला म्हटल्यावर जबाबदारी आपल्यावर आली. गावात एक जुनं उदाहरण होतंच. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलाला कोणीतरी भेटलं, क्लासला न जाता सगळे कागद करून देतो म्हणालं. पैसे घेतले, कागद हातात दिले. मुलगा जड गाडीवर एक दिवस बसला नव्हता. पहिल्याच खेपेला कापसाची गाडी शेताच्या धुऱ्याखाली गेली. जीव वाचला, हात गेला. म्हणून म्हटलं, आपण जाऊन पाहावं. सुट्टी टाकली अन् दोन दिवस त्या वर्गात मागच्या बाकावर बसलो.

कायद्याचं आधी सांगतो, कारण याच ठिकाणी गावातली पोरं फसतात. मोटार वाहन कायदा १९८८ चा, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याप्रमाणे मालवाहू वा प्रवासी वाहतुकीच्या गाडीला वय २० पूर्ण लागतं. हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असल्याशिवाय जड गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही. डॉक्टरचा दाखला लागतो अन् मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र लागतं, त्याला नमुना ५ म्हणतात. शिकाऊ लायसन्सला ३० दिवस झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. त्यामुळं सातवीतून शाळा सोडलेल्या पोरानं "आपल्याले जमणार नाही" म्हणून घरी बसायचं कारण नाही.

दुसरी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला, की हलक्या गाडीचं लायसन्स असलेल्या माणसाला मालासकट एकूण वजन ७५०० किलोच्या आत असलेली वाहतुकीची गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही. धोकादायक मालाचे नियम वेगळे आहेत. म्हणजे भाजीपाल्याचा छोटा हत्ती, संत्र्याचे कॅरेट नेणारा पिकअप यांच्यासाठी जड लायसन्सच्या मागं लागायची गरज नाही. ज्याला घरचाच माल अमरावतीच्या नाहीतर अकोल्याच्या मार्केटात न्यायचा आहे, त्यानं हे ध्यानात घ्यावं अन् फीचे पैसे वाचवावे. वरूड-मोर्शीकडून संत्र्याचा दहा चाकी दिल्ली-कोलकात्याला न्यायचा असेल, तर मात्र हा रस्ता धरावाच लागतो.

वर्गाची खोली पत्र्याची. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, टेबलावर कापून उघडा केलेला गिअरबॉक्स. शिकवणारे वस्ताद साठीतले, सारी उमर जुन्या सहा नंबर हायवेवर गेलेली. (हा रस्ता आता कागदोपत्री ५३ नंबर झाला, पण आपण कोणी तसं म्हणत नाही.) २०२२ च्या जूनमध्ये याच हायवेवर लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव गेलं. वस्ताद त्यावर म्हणाले, "रोड पाच दिवसांत होते बाप्पा, डायवर पाच दिवसांत होत नाही."

मैदानावरची गाडी जुनी होती, पण शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच अन् ब्रेकचं पायडल होतं. शिकवणीच्या गाडीला ते लागतंच. पहिल्या दिवशी कोणालाच स्टिअरिंग दिलं नाही. हातोडी दिली. प्रत्येक टायरवर ठोका अन् आवाज ऐका; हवा कमी असली तर ठोका बद्द येतो. मग इंजिन चालू करून हवेच्या दाबाचा काटा वर येईस्तोवर थांबायचं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, दाब नसताना गाडी काढली तर ब्रेक लागेलच याचा भरवसा नाही. आपला पोरगा ट्रॅक्टरवर वाढलेला, किल्ली फिरवली की निघाला. त्याला हे थांबणंच जड गेलं.

पण मला स्वतःला पटली ती उताराची गोष्ट. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची, ही आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांची जुनी खोड. वस्ताद पातूरच्या घाटाचं उदाहरण देत होते. गिअर काढला की इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात अन् तापलेला ब्रेक धरत नाही. ज्या गिअरनं गाडी चढ चढते, त्याच गिअरनं उतरवायची. मी मागून म्हटलं, भरल्या बंडीचे बैल उतारावर आपण मोकळे सोडतो का? वर्गात हशा पिकला, पण मुद्दा डोक्यात बसला असावा, कारण दुसऱ्या दिवशी एका पोरानं तोच दाखला वस्तादांना परत सांगितला.

झोपेवरही बरंच बोलले. समृद्धी महामार्ग आपल्या धामणगाव, नांदगाव खंडेश्वर, कारंजा भागातून जातो. सरळ अन् मोकळा रस्ता, वळण नाही की बैलगाडी आडवी येत नाही, म्हणून डोळा लागतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ खाजगी बस पेटून २५ माणसं गेली, ते सगळ्यांना आठवत होतं. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. त्यात दिवसाला आठ अन् आठवड्याला ४८ तास काम लिहिलेलं होतं. हे ऐकून एका पोरानं विचारलं, "मालक मानते का?" वस्ताद गप्पच राहिले. माझ्याजवळही उत्तर नव्हतं.

अपघात झाला तर काय करायचं, यावर मात्र तासभर गेला. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेतल्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या अन् पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते आपण पाहिलं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते एक पोटकलम लागू केलं नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आधीपासून आहेच. जखमीला दवाखान्यात पोचवायचं अन् पोलिसांत लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, खबर द्यायची. जमाव अंगावर आला तर काय, हा पोरांचा खरा प्रश्न होता. जमावाच्या रागामुळं जखमीला उचलणं शक्यच नसेल तर तेवढी सूट कायद्यातच आहे. पण जीव वाचवून थेट ठाणं गाठायचं, धाब्यावर जाऊन बसायचं नाही, हे वस्तादांनी तीन-तीनदा बजावलं. ही गोष्ट ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्यांनाही तितकीच लागू आहे.

अमेरिकेत आपल्या तालुका कॉलेजासारखी कम्युनिटी कॉलेजं असतात, तिथं वेल्डिंग-नर्सिंगच्या जोडीला ट्रक चालवण्याचाही कोर्स असतो. फेब्रुवारी २०२२ पासून तिथं नोंदणीकृत संस्थेत शिकल्याशिवाय पहिल्यांदा मोठ्या गाडीची परीक्षा देता येत नाही. आपल्याकडेही १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. त्यात जड गाडीला सहा आठवड्यांत ३८ तासांचं शिक्षण ठरवलं आहे. नियम चांगले आहेत. अशी केंद्रं खेड्यातल्या पोराच्या एसटीच्या पासात बसतील इतक्या जवळ पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं. वर्गात एकही मुलगी नव्हती, हेही नमूद करतो. एसटीत आता बाया बस चालवतात.

जुलैच्या मध्यात आपल्या पोराची परीक्षा झाली अन् तो नापास झाला! रिव्हर्समध्ये खांब पाडला. सगळ्यांना नवल, कारण गावात ट्रॉली मागं घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. कारणही तेच निघालं. ट्रॉली जोडलेली असली की मागं घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं. ट्रकला तसं नाही. घाबरल्यावर हात जुन्या सवयीवर गेला. काका फोनवर इतकंच म्हणाले, "सायब, दोन क्विंटल गेलं का हो?"

गेलं नव्हतं. नापास उमेदवाराला सात दिवसांनंतर परत बसता येतं. तीनदा नापास झाला तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. त्या आठवड्यात सोयाबीनला डवरे चालू होते. पोरगं सकाळी डवऱ्यामागं अन् संध्याकाळी गावातल्या एकाच्या ४०७ वर, शाळेच्या मैदानात, घरमालक शेजारी बसवून, विटा उभ्या करून रिव्हर्स. मी गेलो तेव्हा काका स्वतः विटा उचलून परत मांडत होते.

दुसऱ्यांदा खांब पडला नाही. सध्या तो अकोल्याच्या एका मालकाकडं दुसरा ड्रायव्हर म्हणून चढला आहे, रात्रीचं स्टिअरिंग अजून त्याला देत नाहीत. घरच्या बियाण्याचं सोयाबीन बरं उगवलं. दोन तासांत नांगे पडले, तिथं काकांनी तूर टोबली.