रोबोट चालवतो म्हणे!

आमच्या भाईंदरला, केबिन रोडवर, रंगकाम करणारा एक तरुण परांचीवरून पडला. पाठीच्या कण्याला मार बसला नि कमरेखालचं अंग लुळं पडलं. परवा त्याची बायको विचारत होती, "ताई, रोबोट माणसाला चालवतो म्हणे. पाटल्या मोडू का?"

मैत्रिणींनो, असं यंत्र आहे हे खरंच. स्वित्झर्लंडचं 'लोकोमॅट' २००१ सालापासून बाजारात आहे. रुग्णाला पट्ट्यांनी तोलून धरायचं, खाली सरकता पट्टा, आणि पायांना बांधलेले यांत्रिक पाय त्याला पावलं टाकायला लावतात. एरवी हेच काम करताना दोन-तीन फिजिओथेरपिस्ट घामाघूम होतात. मज्जारज्जूचे काही धागे शाबूत असतील, तर अशा शेकडो पावलांच्या सरावाने शरीर पुन्हा चाल शिकू शकतं.

म्हणून पाटल्यांना हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, इजा पूर्ण आहे की अपूर्ण? गुदद्वारापाशी थोडी जरी जाणीव असली, तरी ती अपूर्ण. (यात लाजायचं काही नाही, सगळं गणित तिथूनच सुरू होतं.) इजा पूर्ण असेल तर यंत्र पाय हलवील, पण स्वतःची चाल परत येणं फार दुर्मीळ. आणि अपूर्ण असली, तरी तेवढ्याच कसून केलेल्या साध्या व्यायामापेक्षा रोबोट सरस आहे, असं अजून सिद्ध झालेलं नाही. हे मात्र जाहिरातीत कुणी छापत नाही!

खरी लढाई घरात असते, आणि ती बहुधा बाईच्याच अंगावर पडते. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड आणि टाचा रोज पाहायच्या. कातडी लाल दिसली की त्या जागेवर भार नको. लघवीची नळी स्वच्छ हातांनी, वेळच्या वेळी. यात हयगय झाली तर जखमा चिघळतात, मूत्रपिंडं खराब होतात. मग कुठला रोबोट नि कुठलं काय!

सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. त्यांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला, अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये, पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा असलं यंत्र कुठे होतं?

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. महालक्ष्मी स्टेशनहून जवळ. जाताना डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची फिल्म आणि प्रश्नांची चिठ्ठी बरोबर ठेवा. डॉक्टर समोर आले की निम्मं विसरायला होतं.