पैठणमधला हरवलेला 'त'

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला आणि मोबाइलवर व्युत्पत्त्यांचा पूर लोटला. त्यात एका वाचकाचा रास्त प्रश्न आला: 'प्रतिष्ठान'चंच 'पैठण' झालं हे कशावरून?

कानाला सारखं लागतं म्हणून, हे उत्तर चालणार नाही. बदल नियमाने झालेला दिसला पाहिजे. प्राकृतातला छ मराठीत स होतो: मच्छचा मासा, छुरीची सुरी, छचे सहा. हे नियम नेटाने मांडणारा ज्यूल ब्लॉक फ्रेंच होता. त्याचा मराठीवरचा ग्रंथ १९२० साली पॅरिसला निघाला. अभिजातपणाच्या जल्लोषात त्याची आठवण कितीजणांना झाली?

आता 'प्रतिष्ठान' झाकून ठेवा आणि 'पैठण'वरून मागे चला. ठमागे ट्ठ, ऐमागे अइ. 'पइट्ठाण'पर्यंत पोचलो, प्राकृतात हे रूप आहेच. पण अ आणि इ यांच्या मधे कोणतं व्यंजन होतं? इथे वाट बंद. महाराष्ट्री प्राकृताने दोन स्वरांमधली व्यंजनं सर्रास गिळली. 'कइ' म्हणजे कवि, कपि की कति, हे संदर्भावरून ओळखायचं. (कवीला माकड समजण्याची सोय भाषेनेच करून ठेवलेली!)

आयरिश आणि वेल्शच्या पूर्वज भाषेचं, आद्य केल्टिकचं, असंच झालं. तिच्यात लिहिलेलं काहीच उरलेलं नाही. शब्द तुलनेने उभे करायचे आणि आधी तारा काढायचा: लेखी पुरावा नाही, हे अनुमान आहे. या शाखेने मूळचा 'प' घालवला. लॅटिनमध्ये 'पातेर', संस्कृतात 'पितृ', जुन्या आयरिशमध्ये नुसतं 'अथिर'. घरात हरवलेला ध्वनी भावकीत शोधावा लागतो. पैठणचा 'त' तसा संस्कृताने जपला.

तो गळला कधी, याला मात्र परका साक्षीदार आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वृत्तांतात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर 'पैथाना' आहे. दुसऱ्या शतकात टॉलेमी 'बैथाना' लिहितो. म्हणजे सातवाहनांच्या काळातच बाजारात 'त' ऐकू येत नव्हता. गंमत पुढेच आहे. पेरिप्लसमध्ये तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' येतं, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर. त्यातला 'ग' तेव्हा शाबूत होता.