चुलीचा धूर आणि काळीज

मुरबाडकडे रान जवळ. सरपण डोक्यावरच्या मोळीने येते, पैसा पडत नाही. म्हणून पुष्कळ घरांत चूल पेटते. पावसाळ्यात लाकूड ओले. मग घरात धूर कोंडतो. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. भाकऱ्या झाल्या की आपण म्हणतो, गेला धूर.

पण सगळा धूर जात नाही. धुरात फार बारीक कण असतात. केसाच्या जाडीचे तीस भाग करा. त्यातल्या एका भागाएवढे, काही त्याहूनही लहान. श्वासाबरोबर ते फुप्फुसात उतरतात. अगदी बारीक कण रक्तात शिरतात. रक्ताच्या नळ्या आतून सुजतात, त्यांत चरबी साचते. पाटात गाळ साचला की पाणी अडते ना, तसेच हे. काळजाला रक्त कमी पडते. हे एका दिवसात होत नाही, वर्षे लागतात. म्हणून कधी बिडी न ओढलेल्या बाईलाही हृदयविकार जडतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ऐका. २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख माणसे दगावली. त्यांतली सुमारे १० लाख हृदयविकाराने.

मग काय करावे? गॅस सर्वांत बरा. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली. तिच्यात गरीब घरच्या बाईच्या नावाने गॅस मिळू लागला. सिलिंडर परवडत नसेल, तर सरपण उन्हाळ्यातच वाळवून ठेवा. चुलीला धुराडे करा. पोरांना धुरात बसवू नका.

छातीत कळ आली, दम लागला, घाम सुटला, तर अंगावर काढू नका. लगेच १०८ नंबरला फोन करा.

सरपण फुकट दिसते खरे. त्याचे मोल घरची बाई भरते.