कार्डिनल ग्रेशियस आणि धर्मसभेचा कायदा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्यें उच्च न्यायालयाचें खंडपीठ आहे, हें प्रत्येक नागपूरकरास ठाऊक असतें. परंतु याच शहरीं राहणारे कॅथॉलिक आर्चबिशप हेहि आपल्या महाधर्मप्रांताचे न्यायाधीश असतात, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असते. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालीं स्थापन झाला आणि १९५३ सालीं त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्यामुळें अमरावतीसारख्या त्याच्या कक्षेंतील धर्मप्रांताच्या निकालावरील अपील सामान्य नियमानें नागपूरलाच यावयाचें. या न्यायालयांत फांसाची वा तुरुंगाची शिक्षा नाहीं. तेथें येणारा मुख्य प्रश्न एकच, आणि तो म्हणजे चर्चमध्यें लागलेला एखादा विवाह खरोखरच विवाह होता कीं नव्हता, हा.

हे खटले ज्या कायद्यानें चालतात त्यास कॅनन लॉ म्हणतात. त्याचें मूळ प्राचीन परिषदांच्या ठरावांत व पोपांच्या आज्ञापत्रांत आहे. या विखुरलेल्या नियमांची एकत्र संहिता प्रथम १९१७ सालीं सिद्ध झाली. तींत २४१४ कलमें होतीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती पुन्हां तपासण्यांत आली, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २५ जानेवारी १९८३ रोजीं १७५२ कलमांची नवी संहिता जाहीर केली. तिच्या अखेरच्या कलमांत असें बजावलें आहे कीं, आत्म्यांचें कल्याण हाच धर्मसभेचा सर्वश्रेष्ठ कायदा होय. कायद्याच्या पोथीचा शेवट कायद्याहून मोठ्या गोष्टीच्या स्मरणानें व्हावा, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

महाराष्ट्रांत या शास्त्रांत नांवाजलेले धर्मगुरु म्हणजे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १९४४ रोजीं मुंबईस झाला. २० डिसेंबर १९७० रोजीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आरंभींचीं वर्षें त्यांनीं जमशेदपूरच्या बिशपांचे चिटणीस म्हणून काढलीं. १९७६ ते १९८२ या काळांत रोमच्या उर्बानियाना विद्यापीठांत शिकून त्यांनीं कॅनन लॉमध्यें डॉक्टरेट मिळविली. जुनी संहिता मावळत होती आणि नवी अजून उगवावयाची होती, अशा संधिकालांत त्यांचें शिक्षण झालें. परत आल्यावर मुंबईच्या महाधर्मप्रांतांत ते चॅन्सेलर व धर्मन्यायालयाचे न्यायाधीश झाले. पुढें त्या न्यायालयाचें प्रमुखपदहि त्यांच्याकडे आलें. मुंबई, पुणें व बंगळूर येथील सेमिनरींतून त्यांनीं हा विषय शिकविला.

१९९७ सालीं ते मुंबईचे साहाय्यक बिशप, २००० सालीं आग्र्याचे आर्चबिशप आणि २००६ सालीं मुंबईचे आर्चबिशप झाले. २००७ च्या नोव्हेंबरांत पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं त्यांना कार्डिनल केलें. २०१३ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं सल्ल्यासाठीं जे आठ कार्डिनल निवडले त्यांत ग्रेशियस होते. रोममधील धर्मसभेच्या कारभाराची घटना नव्यानें लिहिण्याचें काम या मंडळाकडे होतें आणि ती घटना २०२२ सालीं अमलांत आली. जानेवारी २०२५ मध्यें ते मुंबईच्या आर्चबिशपपदावरून निवृत्त झाले.

अशा धर्मन्यायाधीशाचें नित्याचें काम कसें चालतें, तें पाहूं. कॅथॉलिक मतानें विधिपूर्वक लागलेला व पूर्णत्वास गेलेला ख्रिस्ती विवाह मृत्यूवांचून तुटत नाहीं. म्हणून धर्मन्यायालय घटस्फोट देत नाहीं. तें एवढेंच तपासतें कीं, विवाहाच्या क्षणीं दिलेली संमति खरी होती काय. धाकानें घेतलेला होकार, महत्त्वाच्या बाबतींत केलेली फसवणूक, मूल होऊं द्यावयाचें नाहीं असा मनांत धरलेला निश्चय, किंवा विवाहाचीं कर्तव्यें पेलण्याची मानसिक असमर्थता, यांपैकीं कांहीं सिद्ध झालें तर तो विवाह मुळांतच झाला नव्हता असा निर्णय होतो. सामान्यतः तीन न्यायाधीश बसतात. त्यांच्यासमोर बंधनरक्षक नांवाचा एक अधिकारी असतो. विवाह खरा होता या बाजूनें जें जें बोलतां येईल तें मांडणें हें त्याचें कर्तव्य. १७४१ पासून दोन न्यायालयांचे एकसारखे निकाल लागल्यावांचून कोणासहि पुन्हां विवाह करतां येत नसे. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं ही अट काढून टाकली. विवाह असा रद्दबातल ठरला तरी, उभयतांपैकीं एकानें जरी तो सद्‌भावनेनें केला असेल, तर त्यांचीं मुलें औरसच मानलीं जातात. अनेक मातांना वाटणारी भीति या एका नियमानें दूर होते.

आतां खरी अडचण पुढेंच आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानें धर्मगुरूनें लावलेला विवाह सरकारहि मान्य करतें. म्हणजे गांठ बांधतांना एकच हात पुरतो. सोडवितांना मात्र दोन लागतात. धर्मन्यायालयाचा कागद हातीं आल्यावर आपण मोकळे झालों, असा समज करून कित्येकांनीं दुसरा संसार मांडला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मॉली जोसेफ यांच्या खटल्यांत स्पष्ट केलें कीं, अशा निर्णयास दिवाणी कायद्यांत कांहींएक किंमत नाहीं; त्यावर विसंबून केलेला दुसरा विवाह निरर्थक ठरतो. धर्मन्यायालयांच्या निर्णयांना कायद्याची मान्यता मिळावी ही मागणीहि त्याच न्यायालयानें २०१७ सालीं फेटाळली.

दिवाणी मार्गहि पूर्वीं सोपा नव्हता. १८६९ च्या कायद्यानें पतीस केवळ व्यभिचाराचें कारण पुरे. पत्नीस मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग अशासारखें दुसरें कारण सिद्ध करावें लागे, आणि जिल्हा न्यायालयाच्या निकालास उच्च न्यायालयाची मंजुरी घ्यावी लागे. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानें पत्नीवरील हा अन्याय घटनाबाह्य ठरविला. २००१ च्या दुरुस्तीनें उभयतांस समान कारणें मिळालीं, परस्परसंमतीचा मार्ग उघडला आणि उच्च न्यायालयाच्या मंजुरीची अट गेली.

म्हणून नागपुरांतील एखाद्या कॅथॉलिक स्त्रीस पुन्हां संसार करावयाचा असेल, तर तिला दोन दारें ठोठवावीं लागतील: एक कुटुंब न्यायालयाचें, दुसरें धर्मन्यायालयाचें. पहिलें दार टाळून केलेला विवाह कायद्यानें टिकणार नाहीं. दुसरें टाळलें तर चर्चमध्यें पुन्हां विवाह लागणार नाहीं. पहिलें न्यायालय तिचा समाजांतील दर्जा ठरवितें, दुसरें तिच्या श्रद्धेच्या प्रश्नाचें उत्तर देतें. एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं. हा भेद तिला वेळींच, शांतपणें आणि स्पष्ट शब्दांत समजावून सांगणें, हें धर्मसभेचा कायदा जाणणाऱ्या धर्मगुरूचें पहिलें काम होय; निकालपत्र लिहिणें त्यानंतरचें.