स्वयंपाकघरातील धान्यसाठा आणि भक्कम फळ्या

पीक खळ्यावरून घरी आले म्हणजे शेतकऱ्याचे काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः घरात आलेल्या धान्याचे रक्षण हा शेतीचाच शेवटचा आणि तितकाच महत्त्वाचा भाग होय. नांदगाव तालुक्यासारख्या पर्जन्यछायेतील मुलखात तर ही गोष्ट विशेष ध्यानी घेतली पाहिजे. येथील बाजरी, मका व कडधान्ये बहुतांशी पावसाच्या भरवशावर येतात. ज्याच्या विहिरीस पाणी असेल त्याला गहू व हरभरा मिळतो. पाऊस ओढ देईल त्या वर्षी घरच्या साठ्यावरच पुढचा हंगाम गाठावा लागतो. अशा वेळी मुगाचा डबा भुंग्याने पोखरला, किंवा भरलेली फळी भिंतीतून उखडून तेल-तिखटासह खाली आली, तर ते नुकसान शेतातील नुकसानीहून कमी लेखता येणार नाही. शिवाय फळीखाली माणसांचा वावर असतो, हेही विसरता कामा नये.

कोठाराचे तीन नियम

आपल्याच तालुक्यात मनमाड येथे भारतीय अन्न महामंडळाची मोठी कोठारे आहेत. हे महामंडळ १९६५ साली स्थापन झाले. त्याच्या साठवणीच्या पद्धतीत तीन नियम मुख्य आहेत. पोती उघड्या जमिनीवर न ठेवता त्यांखाली लाकडी चौकटी घालाव्यात; थप्पी भिंतीला न टेकविता मध्ये वाट सोडावी; आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढावा. याचे कारण उघड आहे. ओल जमिनीतून वर चढते व भिंतीतून आत येते, आणि जो साठा हलत नाही त्यात कीड सुखाने वाढते. हेच तीन नियम स्वयंपाकघरासही जसेच्या तसे लागू पडतात.

आपल्या पूर्वजांना ही तत्त्वे अवगत होती. मातीच्या जाड भिंतीत फडताळ व कोनाडे असत. उतरंडीत मोठे व जड मडके तळाशी आणि लहान मडकी वर रचीत. दूध-लोणी आढ्यास टांगलेल्या शिंकाळ्यात ठेवीत. हल्ली विटांच्या पातळ भिंती आल्या व त्यांत फडताळास जागा राहिली नाही. यास्तव भिंतीवर फळी बसविणे ओघाने आले. पण भिंतीत कोरलेल्या फडताळाचे वजन भिंतच पेलते, तर टांगलेल्या फळीचे वजन दोन-चार स्क्रू पेलतात. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच फळ्या कोसळतात.

वर्षाचे कोठीत, महिन्याचे फळीवर

प्रथम साठ्याचे दोन भाग करावेत. वर्षाचे धान्य कोठीत किंवा कणगीत असावे व फक्त महिनाभर पुरेल एवढेच फळीवरील डब्यांत काढावे. त्यामुळे कोठी वारंवार उघडावी लागत नाही आणि फळीवरही अकारण भार पडत नाही. कोठीत भरण्यापूर्वी धान्य कडक उन्हात वाळवावे. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. वाळलेले धान्य गरम असतानाच भरू नये. ते निवू द्यावे, अन्यथा झाकणाच्या आतून घाम धरतो. मूग, हरभरा व तूर यांचा साठा होईल तितका डाळ करून ठेवावा. भुंगा मुख्यत्वे अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो. अख्खे कडधान्य ठेवावयाचेच असल्यास किलोमागे एक ते दीड चमचा खाद्यतेल चोळावे. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर कडवट होते. म्हणून ते आठवड्यापुरतेच दळावे.

मीठ, चिंच व लोणचे यांसाठी काचेची किंवा चिनी मातीची बरणी योजावी. पत्र्याचा डबा गंजतो. कांद्यास मोकळी हवा लागते. तो बंद डब्यात किंवा कपाटात न कोंडता जाळीदार टोपलीत, बटाट्यापासून दूर ठेवावा. प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख चिकटवावी आणि नवा डबा नेहमी मागे, जुना पुढे ठेवावा.

फळीवर भार किती?

फळी बसविण्यापूर्वी हिशेब करावा. पंधरा किलो तेलाच्या रिकाम्या डब्यात सुमारे १३ किलो गहू मावतो. तीन फुटांच्या फळीवर असे तीन डबे सहज बसतात. डब्यांचे वजन धरून हा भार ४२ किलो होतो. एक इंच जाडीची, फूटभर रुंद लाकडी फळी धरली तर एकूण वजन ४७ किलोंच्या घरात जाते. म्हणजे जवळजवळ पोतेभर धान्य आपण भिंतीला टांगतो. फळी कडप्प्याची असेल तर तिचेच वजन सुमारे १८ किलो भरते. कडप्प्यास वाळवी लागत नाही व तो धुता येतो, हे त्याचे गुण होत. परंतु लाकूड आधी वाकून सूचना देते, कडप्पा मात्र एकदम तुटतो. म्हणून त्याला दोन्ही टोकांस विटांचा किंवा दगडाचा पक्का आधार द्यावा. तो नुसत्या स्क्रूवर टांगू नये.

दोन आधारांतील अंतर हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. तेवढ्याच दाटीने डबे ठेवून हे अंतर दुप्पट केले, तर फळीचा बाक दुप्पट न होता सोळापट होतो. उलट, जाडी दुप्पट केली तर बाक आठव्या हिश्श्यावर येतो. यावरून दोन आधारांत दोन फुटांहून अधिक अंतर का नसावे, हे ध्यानात येईल. तीन फुटांच्या फळीस आधार अगदी टोकांना न देता प्रत्येक टोकापासून सात-आठ इंच आत द्यावा. भुशापासून बनविलेला बोर्ड ओल लागताच फुगतो. स्वयंपाकघरात तो वापरू नये.

लोखंडी ब्रॅकेट निवडताना भिंतीला टेकणारी बाजू लांब असलेले घ्यावे. फळी एक फूट रुंद असेल व ही बाजूही एक फूट असेल, तर वरच्या स्क्रूवर भाराच्या निम्मी ओढ पडते. तीच बाजू चार इंचांची असेल तर ओढ भाराच्या दीडपट होते. ब्रॅकेट बहुधा वरच्या स्क्रूपासून उखडते, ते यामुळेच.

भिंत पाहून आधार

पक्क्या विटांच्या भिंतीत छिद्र विटेतच पाडावे, सांध्यात नव्हे. गिलावा वजन धरीत नाही. म्हणून स्क्रू व प्लास्टिकची गिट्टी गिलाव्यापलीकडे विटेत किमान दीड इंच गेली पाहिजे. छिद्रातील धूळ झाडून गिट्टी घट्ट बसवावी. ती सैल फिरत असेल तर छिद्र बुजवून दुसऱ्या जागी पाडावे.

मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर जड फळी मुळीच टांगू नये. तेथे जमिनीवर उभी राहणारी मांडणी करावी. चार उभ्या दांड्या, त्यांना आडव्या पट्ट्या व त्यांवर फळ्या, अशी ही साधी रचना होय. यात सर्व वजन जमिनीवर जाते. भिंतीला वरच्या बाजूने एक पट्टी जोडावी, ती केवळ मांडणी पुढे कलंडू नये म्हणून. दांड्यांखाली सपाट दगड घालावेत, म्हणजे ओल व वाळवी थेट लाकडात चढणार नाही. मांडणी भिंतीपासून दोन इंच व तळची फळी जमिनीपासून किमान एक वीत दूर असावी, म्हणजे मागून व खालून झाडता येते आणि उंदरास दडण्यास जागा उरत नाही.

काम पूर्ण झाल्यावर लगेच डबे मांडू नयेत. नेहमीच्या भाराच्या दीडपट वजनाची वाळूची पोतडी रात्रभर फळीवर ठेवावी व खाली कोणास बसू देऊ नये. सकाळी ब्रॅकेट भिंतीपासून रेसभरही सुटलेले दिसल्यास आधार वाढवावा.

उंची कोणी ठरवावी?

फळीची उंची सुताराने किंवा घरधन्याने ठरवू नये. जी बाई तेथे रोज राबते तिने ठरवावी. तिला भिंतीशी उभे करून, टाच न उचलता हात पोहोचेल तेथे खूण करावी. रोजच्या जिन्नसांची फळी त्या खुणेच्या वर नसावी. जड डबे कमरेखाली, रोजचे डबे कमरेपासून डोळ्यांपर्यंत आणि हलकी व क्वचित लागणारी भांडी सर्वांत वर, असा क्रम ठेवावा. चुलीच्या किंवा शेगडीच्या थेट वर फळी घेऊ नये. तेथील वाफेने धान्य सादळते, धुराने डबे माखतात आणि वरचा डबा काढताना पदर पेटण्याचे भय असते.

विषाला येथे जागा नाही

शेवटची सूचना सर्वांत गंभीर आहे. पिकावर फवारण्याची औषधे, उंदरांचे विष व औषध चोळलेले रंगीत बियाणे यांना स्वयंपाकघरात कोणत्याही फळीवर जागा देऊ नये. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात खाण्याचा जिन्नस भरू नये. धान्यात घालण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून ओलसर हवेत अत्यंत विषारी वायू निघतो. त्या घरगुती वापरासाठी नाहीत. राहत्या घरातील कोठीत घातलेली गोळी झोपेतल्या माणसांचे प्राण घेऊ शकते. ही औषधे घराबाहेर, कुलपात व मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत. कोठीत वाळलेला कडुनिंबाचा पाला, चांगले वाळविलेले धान्य व घट्ट झाकण एवढ्यावरच भिस्त ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती केवळ सभेत सांगून थांबू नये. मृगाचे पाऊस सुरू होण्यापूर्वी गावातील एका घरी मांडणी उभी करून दाखवावी, फळीचा भार सर्वांसमक्ष मोजावा आणि त्या बैठकीस घरातील स्त्रियांना अगत्याने बोलवावे. कोठारातील धान्यावर सरकारी नोकरांची देखरेख असते. घरातील धान्यावर गृहिणीची असते. तिच्या हाताला सोयीची व वजनाला पुरेशी फळी मिळाली, तर खळ्यावरून आलेला दाणा वाया न जाता ताटापर्यंत पोहोचेल.