एका यंत्रात अनेक संगणक

छत्तीसगडची राजधानी रायपूर हिच्या उत्तरेस, बिरगावला लागून उरला हे औद्योगिक क्षेत्र आहे. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांसाठी ते ओळखले जाते. तेथील भट्ट्या आणि रोलिंग मिल सर्वांच्या नजरेस पडतात. परंतु अशा कारखान्याच्या कार्यालयात, एका बंद खोलीत, आणखी काही यंत्रे अहोरात्र चालू असतात. ती म्हणजे सर्व्हर. कामगारांची हजेरी व पगार, मालाचा साठा, मालमोटारींच्या वजनाच्या नोंदी, बिले ही सर्व कामे त्यांच्या आधारे चालतात.

पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर ठेवला जाई. एका कामातील बिघाडाचा उपद्रव दुसऱ्याला होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. पण पगाराचा सर्व्हर महिनाअखेरीस राबतो आणि इतर दिवशी बहुतेक वेळ रिकामा असतो. वीज मात्र त्याला रोजच लागते. मे महिन्यात रायपूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा खोली थंड ठेवण्याचा खर्चही वाढतो.

यावरील उपाय म्हणजे सर्व्हरचे आभासीकरण. जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदत. पाया आणि विहीर सामाईक, चूल मात्र ज्याची त्याची. त्याचप्रमाणे एका समर्थ यंत्रात अनेक आभासी सर्व्हर राहतात. यंत्राची स्मृती आणि गणनशक्ती त्यांना वाटून देणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायजर म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. २००१ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने साध्या सर्व्हरसाठी ती सोय आणली, तर २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम समाविष्ट झाले. भारत सरकारच्या ‘मेघराज’ उपक्रमातील राष्ट्रीय क्लाउड सेवा २०१४ साली सुरू झाली. तिच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे.

मात्र वाड्याची तुळई मोडली, तर सर्वच बिऱ्हाडे उघड्यावर येतात. एक यंत्र बंद पडताच पगार, साठा आणि बिले एकाच वेळी थांबली, तर बचत कसली? म्हणून आभासीकरणात खरे महत्त्व नियोजनाला आहे.

समजा, एखाद्या कारखान्यात आठ जुने सर्व्हर आहेत. प्रथम प्रत्येकाला किती स्मृती व गणनशक्ती लागते, हे निदान महिनाभर मोजावे. त्यात पगाराचे दिवस आलेच पाहिजेत. प्रत्येकी १२ गिगाबाइट स्मृती लागत असेल, तर एकूण गरज ९६ गिगाबाइटची झाली. अशा वेळी प्रत्येकी १२८ गिगाबाइटची दोन यंत्रे घ्यावीत. एक बंद पडले तरी दुसरे सर्व भार पेलू शकते. मात्र त्यासाठी माहिती दोन्ही यंत्रांना पोहोचता येईल अशा सामाईक साठवणीत हवी. शिवाय त्या माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही, हे अधूनमधून तपासावे.

नंतर स्थलांतर. ते एकदम करू नये. कमी महत्त्वाचे काम आधी हलवावे, काही दिवस निरीक्षण करावे, मग पुढचे घ्यावे. पगाराचे काम पगाराच्या आठवड्यात कधीही हलवू नये. नवी व्यवस्था स्थिर होईपर्यंत जुना सर्व्हर जपून ठेवावा, म्हणजे अडचण आल्यास माघारी फिरता येते. काही कामे मात्र हलत नाहीत: वजनकाट्याला थेट तारेने जोडलेला संगणक काट्याजवळच ठेवणे इष्ट. शेवटी, कोणता आभासी सर्व्हर कोठे आहे आणि बिघाड झाल्यास प्रथम काय सुरू करावे, हे कागदावर लिहून ठेवावे. संगणकच बंद असतील, तेव्हा कागदच उपयोगी पडतो.

कामगाराला या साऱ्या खटाटोपाची माहिती नसते. त्याचा पगार ठरल्या दिवशी खात्यात जमा व्हावा आणि माल भरलेली गाडी काट्यावर ताटकळू नये, यातच या नियोजनाचे सार्थक आहे.